शोध टिकवण्याचा खर्च कोणाचा?

रायगड जिल्ह्यातील पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, खाडीच्या काठाने मातीचे लांबच लांब बांध आहेत, आणि त्या बांधांच्या पोटात ठिकठिकाणी दगडी बांधकामात बसवलेली लाकडी दारे आहेत. त्यांना उघाडी म्हणतात. हे दार वरच्या बाजूने टांगलेले असते आणि ते फक्त खाडीच्या दिशेने उघडते. ओहोटी लागली की आत साठलेल्या पावसाच्या पाण्याचा दाब दाराला बाहेर ढकलतो आणि पाणी खाडीत निघून जाते. भरती चढू लागली की खाडीचेच पाणी त्याला चौकटीवर घट्ट दाबून धरते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. आपल्या किनाऱ्यावर दिवसाकाठी साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, म्हणजे हे दार रोज दोनदा उघडते आणि दोनदा मिटते, आणि त्यासाठी वीज, इंजिन किंवा रात्री-अपरात्री उठून जाणारा माणूस यांपैकी काहीही लागत नाही. उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेल्या जमिनीत भात पिकते ते बांध आणि उघाडी यांच्या जोरावर.

हे दार पहिल्यांदा कोणी घडवले याची नोंद नाही. गोव्याच्या खाजणांतही, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनींतही, अशीच दारे आहेत आणि तिथे त्यांना मानस म्हणतात. ज्या कोणाला हे सुचले त्याने भरती-ओहोटीचे चक्र, पाण्याचा दाब आणि लाकडाचा स्वभाव या तिन्हींचा मेळ एका चौकटीत घातला, आणि तरीही आपण त्याला शोध म्हणत नाही. शोध म्हणजे विजेचा दिवा, टेलिफोन, संगणक, म्हणजे ज्याला शोधकाचे नाव आणि साल जोडलेले आहे तेच, अशी समजूत शाळेपासूनच पक्की होते. नावाचा मुद्दा मला इथे ताणायचा नाही. मला काळजी वाटते ती या समजुतीच्या परिणामाची. जी वस्तू शोध वाटत नाही ती डोंगर-ओढ्यांप्रमाणे मुळातच तिथे होती असे वाटू लागते, आणि मग तिला जपायला पैसा आणि माणूस लागतो हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. कोकणात नवे काम मंजूर होते, त्याचा नारळ फुटतो, फलक लागतो. आधीच्या कामाच्या देखभालीचे काय, हा प्रश्न त्या मांडवात कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की रोजच्या वापरातल्या साध्या साधनांची देखभाल हे स्वतंत्र, नियमित आणि मोबदला देऊन करून घ्यायचे सार्वजनिक काम मानले पाहिजे. तो खर्च चुकवता येत नाही. तो चुकल्यासारखा दिसतो तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर गेलेला असतो.

उघाडीचेच पाहा. खाऱ्या पाण्यात बारमाही उभ्या असलेल्या लाकडाला कालवे चिकटतात, भोके पाडणारे किडे लागतात, लोखंडी बिजागऱ्या गंजतात. दाराच्या तोंडाशी गाळ साचला की ते पुरते उघडत नाही, आणि चौकटीच्या फटीत एखादा ओंडका किंवा हल्ली प्लास्टिकची बाटली अडकली की ते पुरते मिटत नाही. कधी मासळी आत यावी म्हणून कोणी दगडाचा टेकू देऊन ते उघडे ठेवतो. बांधात खेकडे बिळे पाडतात; एखाद्या बिळातून उधाणाच्या रात्री पाणी झिरपू लागते, त्याबरोबर माती सुटते, आणि उजाडेपर्यंत तिथे खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडलेली असते. पहिल्या दिवशी जे बीळ दोन घमेली चिखलाने आणि एका माणसाच्या अर्ध्या तासाच्या मेहनतीने बुजले असते, ते आठवड्याभरात पोकलेन, अंदाजपत्रक आणि निविदा मागते. शेतात शिरलेले पाणी ओहोटीबरोबर परत जाते, मीठ मात्र मातीत राहते, आणि ते धुऊन जायला एक पावसाळा पुरत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या, हा शेतकऱ्याला मोठाच आधार आहे. पण उघड्या खांडीतून दर भरतीला समुद्र आत येत असेल तर कोणत्याही बियाण्याचा निभाव लागत नाही.

पूर्वी या बांधांची राखण जोळ करीत असे. एका बांधाच्या आडोशाने शेती करणाऱ्या घरांचा तो समूह होता, आणि बांधाच्या कामाला माणूस पाठवणे हे त्यातल्या प्रत्येक घराचे कर्तव्य समजले जाई. खारेपाटातील जुनी माणसे आजही जोळीची आठवण आदराने काढतात. तो आदर मला मान्य आहे, पण त्या काळाचे गोडवे गाणे मान्य नाही. बांध राखणाऱ्या हातांना त्या बांधामागच्या पिकावर हक्क नव्हता. खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार, अर्धे किंवा त्याहून अधिक पीक घेऊन जाई, आणि म्हणूनच अलिबाग तालुक्यातील चरी परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, खार जमिनींविषयीचा कायदा झाला; पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारजमीन विकास अधिनियम केला आणि बांधांच्या योजना सरकारच्या अखत्यारीत आल्या. हे योग्यच झाले. समुद्राशी झुंजण्याचा भार एकट्या कुळाच्या खांद्यावर टाकणे हा अन्याय होता.

मात्र जबाबदारी सरकारकडे गेली तेव्हा जोळीने केलेले सगळेच काम तिच्याबरोबर गेले नाही. बांध बांधणे गेले, मोठी दुरुस्ती गेली. रोजची फेरी राहून गेली. पहाटे बांधावरून चालत जाऊन ओल कुठे दिसते, बीळ कुठे नवे आहे, उघाडीच्या तोंडाशी काय अडकले आहे हे पाहणे ही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या कार्यालयाच्या रचनेत बसणारी गोष्टच नाही. तिला मोजमाप पुस्तिकेत रकाना नाही आणि ती निविदेतही मावत नाही. गावानेही बांध आता सरकारचा झाला असे म्हणून हात आखडता घेतला. सरकार आणि गाव या दोघांच्या मधल्या त्या फटीतून खारे पाणी आत आले आहे.

त्याचा पुढचा अध्याय अधिक कठीण आहे. खांड बुजली नाही आणि शेतात वर्षानुवर्षे भरतीचे पाणी खेळत राहिले, तर तिथे कांदळवन रुजते. कांदळवन हे किनाऱ्याचे कवच आहे, मासळीची पिल्ले त्याच्याच मुळांत वाढतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि नंतर २०१८ च्या निकालाने त्याला दिलेले संरक्षण सर्वस्वी समर्थनीय आहे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरची भातखाचरे देखभालीअभावी खाडीत गेली, त्याला आता तिथले झाडही तोडता येत नाही आणि पीकही घेता येत नाही. या भांडणात शेतकरी आणि पर्यावरणवादी समोरासमोर उभे केले जातात. मला ही मांडणी दोघांवरही अन्याय करणारी वाटते, कारण मूळ दोष दोघांचाही नसून वेळेवर न बुजवलेल्या एका बिळाचा आहे.

देखभालीचा विचार ठेवून साधन घडवले तर काय होते, हे हातपंपाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. आपण ज्याला हापसा म्हणतो तो लोखंडी पंप कोकणातल्या वाड्यावाड्यांत आहे. सुरुवातीला भारतात बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या एकेका शेतघरासाठी घडवलेले होते. आपल्याकडे त्यांच्यावर अख्ख्या गावाचे पाणी अवलंबून राहिले आणि ते भराभर मोडले. नंतर जालना आणि सोलापूर इथे मजबूत पोलादी पंप तयार झाले, आणि सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने 'इंडिया मार्क टू' हा पंप विकसित झाला. पुढे तो जगातल्या अनेक देशांत गेला. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेल्या आणि इतक्या दूरवर पोचलेल्या या साधनाची आपल्या शालेय पुस्तकांत ठळक ओळख असायला हवी.

पण त्याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. मार्क टू दणकट होता, पण त्याचे वायसर बदलायचे तर जमिनीखालचे सगळे पाइप, सळ्या आणि तळाचे सिलिंडर वर खेचावे लागे. तीस मीटर खोलीच्या विंधणविहिरीत तीन-तीन मीटरचे दहा पाइप, वर तिपाई, पकडी, तीन-चार माणसे आणि त्यांना घेऊन येणारी गाडी, इतका सारा खटाटोप काही रुपयांच्या एका चकतीसाठी. म्हणून १९८० च्या दशकात त्याची सुधारित आवृत्ती, मार्क थ्री, तयार करण्यात आली. तिच्यात उभा पाइप इतका रुंद केला की आतला दट्ट्या पाइप न काढता नुसत्या सळीबरोबर वर येतो, आणि गावातलीच दोन माणसे थोड्या हत्यारांनी वायसर बदलू शकतात. पंप जास्त पाणी देतो का, हा या सुधारणेमागचा मुख्य प्रश्न नव्हता. पंप बंद पडला तर तो कोण, किती दिवसांत सुरू करील, हा होता. शोधाकडे पाहण्याची ही दृष्टी मला फार परिपक्व वाटते आणि आपल्या सार्वजनिक कामांत तीच हरवली आहे असे वाटते.

हापसा बंद असतो तेव्हा ग्रामपंचायतीच्या हिशेबात काहीही खर्च पडत नाही. खर्च पडतो तो वाडीतल्या बायकांवर. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडा घेऊन उतारावरच्या झऱ्यापर्यंत जाणारी बाई, तिचे जाण्यायेण्याचे तास, पाण्यासाठी शाळा बुडवणारी तिची मुलगी, हे सारे त्या न बदललेल्या वायसरचे बिल आहे. ते कुठल्याही ताळेबंदात येत नाही म्हणून ते नाही असे समजणे ही मोठी चूक आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा ही चूक अनेक गावांना एकाच दिवसात दिसली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, तसेच मंडणगड आणि दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वीज नाही म्हणून मोटार नाही, मोटार नाही म्हणून टाकीत पाणी नाही, टाकी रिकामी म्हणून घरोघरचे नळ कोरडे. ज्या गावांत विहिरीवरचा रहाट शाबूत होता, पोहरा आणि दोर जाग्यावर होते, हापसा चालू होता, तिथे पाण्याची सोय संध्याकाळपर्यंत लागली. जिथे नळ आल्यावर रहाट काढून टाकला गेला आणि विहीर कचऱ्याने भरली, तिथे टँकरची वाट पाहावी लागली. नळ नको असे यातून कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. घरात नळ येणे हा बायकांच्या कष्टांतला फार मोठा दिलासा आहे. प्रश्न इतकाच आहे की नवे साधन आले म्हणून जुने, चालू असलेले साधन मरू का द्यावे. किनाऱ्यावर पुन्हा वादळ येणार आहे. निसर्गनंतर वर्ष पुरे होण्याआधीच, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले.

पैसा नाही ही सबब पूर्णपणे खरी नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले आणि गावातील योजना चालवण्याची व राखण्याची जबाबदारी गावावर ठेवली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील ठेवला. उरलेला ४० टक्के भाग स्थानिक गरजांसाठी मोकळा ठेवला, पण वेतन आणि आस्थापना खर्चासाठी तो वापरण्याला मनाई केली. घोळ इथेच होतो. देखभाल म्हणजे मुख्यतः माणसाचे काम, आणि अनुदानाची रचना माणसाला ठेवण्यापेक्षा वस्तू विकत घेण्याला सोयीची. मग पेव्हर ब्लॉक बसतात, कमान उभी राहते, आणि मोटारीचे बेअरिंग गेले की ती महिनाभर बंद पडून राहते. ग्रामपंचायतींना वार्षिक देखभालीचा करार गावातल्याच कारागिराशी करता यावा आणि त्याचे पैसे वेळेवर मिळावेत, इतकी मोकळीक देणे राज्य सरकारला अवघड नाही.

याला घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप भ्रष्टाचाराचा आहे, आणि मी तो हलका मानत नाही. नवे काम निदान डोळ्यांना दिसते. दुरुस्ती कागदावर झाली की प्रत्यक्षात, हे सांगणे कठीण असते, आणि बांधाच्या मातीचे तर पहिल्याच उधाणात काय झाले हे कोणी सिद्ध करू शकत नाही. परंतु हा आक्षेप लहान, वारंवार होणाऱ्या, गावासमोर होणाऱ्या देखभालीला लागू पडत नाही. तो एकदम काढलेल्या मोठ्या, दूरच्या दुरुस्तीला लागू पडतो. हापसा कोणत्या दिवशी बंद पडला आणि कोणत्या दिवशी सुरू झाला हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. तिच्या साक्षीइतका चोख हिशेब कोणताही लेखापरीक्षक देऊ शकणार नाही.

दुसरा आक्षेप असा की समुद्राची पातळी वाढते आहे, मग जुने बांध आणि दारे राखण्यात काय अर्थ आहे. समुद्र वाढतो आहे हे खरे, आणि त्याचा उघाडीवर होणारा परिणामही खरा: ओहोटीला बाहेरची पातळी पूर्वीइतकी उतरली नाही तर आतले पाणी निघून जाण्याचा अवधी कमी होईल आणि मुसळधार पावसात शेते तुंबतील. काही ठिकाणी उघाड्यांची संख्या वाढवावी लागेल, काही बांध उंच करावे लागतील, काही जमिनी सोडून देऊन शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागेल. पण यांतले कुठे काय करायचे हे ठरवायला जे ज्ञान लागते, ते बांधावर रोज चालणाऱ्या माणसाकडे असते. तो माणूसच उरला नाही तर नवा आराखडा करणारा अभियंता विचारणार कोणाला?

आणि तो माणूस उरेनासा झाला आहे, हेच कोकणाचे मोठे दुखणे आहे. तरुण मुंबई-पुण्याला गेले; गावात राहिलेल्यांपैकी जो सुतार उघाडीचे दार जुळवतो, जो जाळे शिवतो, जो होडीचे इंजिन उघडून बसवतो, त्याच्या कामाला मान नाही आणि ठरलेला दामही नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यानंतर ओहोळावर दगड-मातीचा कच्चा बंधारा घालून पाटाने बागांना पाणी नेतात, तेही दरवर्षी नव्याने करायचे काम. अनेक वाड्यांत ते केवळ चार माणसे जमत नाहीत म्हणून थांबले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पंप, उघाड्या आणि लहान नळयोजना यांच्या देखभालीचा स्थानिक अभ्यासक्रम असावा आणि त्यात शिकवायला या जुन्या कारागिरांनाच मानधन देऊन बोलवावे, असे मला कळकळीने वाटते. त्यांच्या मागे हे कसब लिहून ठेवलेले नाही.

गावोगावच्या मुंबई मंडळांनाही इथे फार मोठे काम करता येईल. देवळाचा जीर्णोद्धार आणि सभामंडप यांसाठी चाकरमान्यांनी दिलेल्या पैशावर कोकणातली किती तरी गावे उभी आहेत, आणि त्या देण्यामागची माया खरी आहे. त्याच मायेचा एक हिस्सा दरवर्षी न चुकता विहिरीच्या रहाटाला, हापशाच्या सुट्या भागांना आणि बांधावर फेरी मारणाऱ्या माणसाच्या मोबदल्याला मिळावा. सरकारच्या जबाबदारीला तो पर्याय ठरू नये, ही अट मात्र मंडळांनी स्वतःच घालावी आणि निधी देताना ग्रामपंचायतीने तितकीच रक्कम घालावी असा आग्रह धरावा.

याची सुरुवात करायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. १ मे रोजी गावोगावी ग्रामसभा होते. तेव्हा पाऊस महिन्याभरावर असतो, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी चाकरमानी गावी आलेले असतात, विहिरींचे तळ दिसत असतात आणि बांध चालण्याइतके कोरडे असतात. त्या सभेत गावातल्या प्रत्येक उघाडीची, हापशाची, विहिरीची, मोटारीची आणि पाटाची यादी मोठ्याने वाचली जावी; प्रत्येकापुढे ती आज चालू आहे की बंद, बंद असल्यास कधीपासून, दुरुस्तीला किती पैसे लागतील आणि ती कोण करणार, हे लिहिले जावे; आणि ही यादी वाचून झाल्याशिवाय कोणत्याही नव्या कामाचा ठराव विषयपत्रिकेवर घेतला जाऊ नये.